एमसीबी पडला की वर करायचा, त्यासाठी अख्खं विमान परत आणायचं?

घणसोलीकर_९
मंडळी, भांडायला नाही आलोय पण डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मागच्या आठवड्यात सासरेबुवांना टी टूला दिल्लीच्या फ्लाइटला सोडलं, घरी येऊन जेवायला बसलो तोच त्यांचा फोन, "अहो आम्ही परत मुंबईतच आलोय." उडाल्यावर वीसेक मिनिटांत केबिनचे दिवे दोनदा मिचकले, एसीचा आवाज बदलला, कॅप्टन एवढंच बोलला की टेक्निकल कारण आहे, परत जातोय, आणि मग जवळजवळ पाऊण तास घिरट्या. उतरल्यावर कोणीतरी सांगितलं एक जनरेटर ट्रिप झालेला. आता माझं म्हणणं असं की दोन इंजिनांवर दोन जनरेटर, शेपटीतल्या एपीयूचा, म्हणजे छोट्या सहाय्यक इंजिनाचा तिसरा, त्यातला एक गेला तर काय आभाळ कोसळलं? रिसेट मारा आणि चला. आमच्या सोसायटीत महिन्यातनं दोनदा एमसीबी पडतो, वॉचमन वर करतो, कोणी बिल्डिंग रिकामी करत नाही. सासऱ्यांच्या भाच्याचा साखरपुडा हुकला. हल्लीचे पायलट घाबरट झालेत हे माझं स्पष्ट मत.

वागळे_वायरमन
दादा वीस वर्षं वागळे इस्टेटला पॅनलचं काम करतोय, आधी तुमच्या वॉचमनला कोणीतरी समजवा. एकदा पडला, वर केला, ठीक. परत पडला तर लोड काढायचा आणि फॉल्ट शोधायचा. कळव्यात एका दुकानात अख्खा डीबी, म्हणजे एमसीबींचा डबा, काळा झालेला बघितलाय मी, मालक म्हणे चार दिवस पडत होता आम्ही वर करत होतो. खाली निदान मेन पाडून बाहेर पळता येतं, वर कुठे पळणार?

घणसोलीकर_९
अहो पण ते काय वॉचमन आहेत का, सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरला बसतात. एवढं शिकून बटण दाबायची चोरी असेल तर शिकवता कशाला?

ऐरोली_निवृत्त
मी विमानांच्या मेंटेनन्समधून रिटायर झालोय. इथे दोन गोष्टींची खिचडी झालीये. जनरेटरचं बटण बंद करून परत चालू करणं हे चेकलिस्टमध्येच असतं, एअरबस असेल तर ईसीएएमच्या, म्हणजे बिघाड आणि उपाय दाखवणाऱ्या, स्क्रीनवर ओळ येते, एक जण विमान उडवतो, दुसरा वाचतो आणि करतो, आणि जे बटण दाबल्यावर मागे फिरता येत नाही ते दोघांनी बघून, बोलून मगच दाबायचं. म्हणजे तुमचा रिसेट त्यांनी बहुतेक मारलेला असणार, लागला नसेल. सर्किट ब्रेकर, म्हणजे विमानातला एमसीबी, हा वेगळा प्रकार. तो उडाला तर हवेत हात लावायचा नाही हाच नियम, अगदी गरज असेल तर कॅप्टनच्या निर्णयाने एकदाच, आणि फ्युएल पंपाचा तर कधीच नाही.
आणि पायलट शिकलेला असतो म्हणता ना, मग २०१४ चं एअरएशियाचं सुराबाया-सिंगापूर विमान आठवा. रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, एका युनिटमध्ये सोल्डरला तडा गेलेला, तीच वॉर्निंग परत परत. तीन वेळा स्क्रीनवर लिहिलंय तसं केलं. चौथ्यांदा ब्रेकर ओढला गेला असं तपासात निघालं. जमिनीवर असताना कॅप्टनने इंजिनिअरला तसं करताना बघितलं होतं! जमिनीवर ते चालतं, हवेत त्याने ऑटोपायलट सुटला, विमान डावीकडे कललं, सावरताना नाक वर जाऊन स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली. जावा समुद्रात १६२ माणसं गेली. आणि वॉर्निंग मुळात तशीच ठेवून उडता येण्यासारखी होती.

पामबीच_ताई
काका हे वाचून काटा आला. पण मला घणसोलीकरांचं अर्धं पटतं, घाबरट वगैरे नाही, पण पाऊण तास माणसांना अंधारात का ठेवायचं? माझी आई असती तर तिने तेवढ्यात अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं केली असती. दोन वाक्यं बोलायला काय जातं?

ऐरोली_निवृत्त
ताई, आधी विमान उडवायचं, मग कुठे जायचं ते ठरवायचं, मग बोलायचं. त्यात एटीसी, म्हणजे खालचा हवाई वाहतूक नियंत्रक, पहिला, केबिन क्रू दुसरा, प्रवासी शेवटी. क्रूला मात्र चार गोष्टी सांगाव्याच लागतात, काय झालंय, काय करणार, किती वेळ, आणि काही खास सूचना. तरी मान्य, स्थिरावल्यावर एक नीट अनाउन्समेंट व्हायला हवी होती.

खवचट_ठाणेकर
काका सगळं गोड करून सांगतात. पाऊण तास घिरट्या कशाला माहितेय? टाकी भरलेली, वजन जास्त, जड उतरलं की इन्स्पेक्शन, इन्स्पेक्शन म्हणजे विमान उभं, म्हणजे पैसे. एअरबस ए३२० सारख्या विमानाला हवेत इंधन टाकायची सोयच नसते, जाळत बसावं लागतं. खरंच धोका होता तर तडक उतरायचं होतं, आणि नव्हता तर दिल्लीला जायचं होतं. हे मधलं काय?

घणसोलीकर_९
खवचटराव, हेच म्हणतोय मी! एक भर घालतो. काल सासऱ्यांना खोदून विचारलं तर म्हणाले दिवे मिचकल्यावर दोनेक मिनिटं जळकट वास आला होता, मग गेला. मला आधी सांगितलंच नाही, म्हणे मला वाटलं कोणीतरी वडापाव आणलाय.

वागळे_वायरमन
वडापाव 😂 दादा हे पहिल्या ओळीत लिहायचं ना. वास आला की माझ्याकडे विषय संपला.

ऐरोली_निवृत्त
मग चित्रच बदललं. २ सप्टेंबर १९९८, स्विसएअर १११, न्यूयॉर्कहून जिनिव्हा, एमडी-११ जातीचं विमान. कॉकपिटमध्ये नुसता वास आला, त्यांना वाटलं एसीचा असेल. तिथून समुद्रात पडेपर्यंत सुमारे एकवीस मिनिटं. छताच्या वर वायरचा आर्क होऊन, म्हणजे ठिणगी उडून, इन्सुलेशनच्या आवरणाने पेट घेतलेला, आणि धुराची ती चेकलिस्ट पूर्ण करायलाच वीस-तीस मिनिटं लागायची. कॅनडातल्या हॅलिफॅक्सजवळ येऊन इंधन टाकायला वळले. २२९ गेले. तडक गेले असते तरी पोचले नसते असं तपासात निघालं, पण तेव्हापासून वास म्हटला की आधी जमीन गाठायची, बाकी नंतर. म्हणून दिल्लीला गेले नाहीत ते बरोबरच.

खवचट_ठाणेकर
आणि पाऊण तास?

ऐरोली_निवृत्त
ते मलाही खटकतंय, लपवत नाही. वास गेला, खराब जनरेटर तोडला, उरलेल्यावर सगळं नीट चाललं तर थांबून वजन कमी करणं पुस्तकात बसतं. मी त्या जागी असतो तर पॅन-पॅन, म्हणजे रेडिओवर तातडीचा इशारा, सांगून जड तर जड, उतरलो असतो. पण मी कधी त्या खुर्चीत बसलो नाही, खालून पाना फिरवला फक्त.

पामबीच_ताई
मुंबईत लँडिंगची रांगही असते ना पण.

ऐरोली_निवृत्त
पॅन-पॅन म्हटलं की रांग बाजूला सरकते ताई.

घणसोलीकर_९
बरं, घाबरट हा शब्द मागे घेतो, पाऊण तासाचा प्रश्न तसाच. सासऱ्यांनी राजधानीचं तिकीट काढलंय. आणि काल परत एमसीबी पडला, वॉचमनला म्हटलं हात लावू नको, तर अर्धी विंग माझ्यावर चिडली, लिफ्ट बंद म्हणून. वायरमन दादा, रविवारी येता का बघायला?