लिग्निन निघालं, मग लगदा आणखी काळा का?

प्रश्न – लगदेखोर
कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक अॅसिड, मोलमध्ये १:२. ओव्हनमध्ये पातळ सरबत झालं. लिग्निन, म्हणजे लाकडातले धागे जोडून ठेवणारा पदार्थ, काढायला त्यात कठीण लाकडाचा, ब्लीच न केलेला क्राफ्ट लगदा (अल्कलीत शिजवून केलेला कागदाचा लगदा) ११०° सेल्सिअसला ४ तास शिजवला. द्रव कडक चहासारखा झाला, मी खूश! गाळून वर डिस्टिल्ड पाणी ओतलं, तर ते दुधाळ झालं आणि लगदा आधीपेक्षा गडद. कप्पा नंबर (लगदा किती परमँगनेट खातो यावरून उरलेल्या लिग्निनचा अंदाज देणारा आकडा) मात्र १८ वरून १३ वर. रंग चढतो आणि कप्पा उतरतो, हे काय गौडबंगाल?

उत्तर – जुनागाळणीवाला
पाणी घाईने ओतलंत. लिग्निन त्या सरबतात, म्हणजे तुमच्या द्रावकात विरघळतं, पाण्यात नाही. पाणी मिसळताच ते साका होऊन धाग्यांवर बसतं. दुधाळपणा म्हणजे तेच. आधी गरम ताज्या द्रावकाने, मग ७० टक्के इथेनॉलने धुवा. गाळलेलं रंगहीन दिसलं की मगच पाणी. याच चुकीपायी माझा एक आख्खा आठवडा गेलाय.
शिवाय ४ तास जास्तच. अॅसिडमध्ये लिग्निनचे तुकडे पुन्हा एकमेकांना जोडले जातात, तेही रंग देतात. २ तासांचा नमुना काढून बघा.

उत्तर – परमँगनेट
रंगाचं पटलं, पण कप्प्याचं कोडं तसंच राहिलं. कठीण लाकडाच्या क्राफ्ट लगद्यात झायलनवर (धाग्यांतल्या एका साखर-साखळीवर) हेक्सेन्युरोनिक अॅसिड असतं. ते परमँगनेट खातं, म्हणजे लिग्निन नसतानाही कप्पा वाढवतं. गरम आम्लात ते तुटतं. तुमचे ५ अंक त्यातूनच गेले असतील! तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून, तोच मूळ लगदा नुसत्या सौम्य आम्लात, पीएच ३.५ च्या आसपास, त्याच तापमानाला तेवढाच वेळ ठेवा. तिथेही कप्पा १३ आला, तर द्रावकाचं श्रेय काढून घ्या.
आणि लगद्याची व्हिस्कॉसिटी (सेल्युलोजच्या साखळ्या किती लांब उरल्या ते सांगणारं माप) मोजलीत का? सेल्युलोज तुटलं असेल तर लिग्निन काढून फायदा काय?

लगदेखोर
व्हिस्कॉसिटी मोजली नाही, ओशाळलो. इथेनॉलने धुतलेला नमुना मात्र आत्ताच वाळला. खाकी आहे, काळा नाही. कंट्रोल उद्या लावतो. द्रावक परत मिळवताना पाणी उडवायला जाणारी वीज बघून 'ग्रीन' शब्द लिहायला हात थोडा अडखळतोय, पण त्यासाठी वेगळा धागा काढेन.