‘सोर्स वाच’ म्हणणाऱ्यांना एक लांबलचक उत्तर

ऐरोली_नाईटशिफ्ट:
काल एका साहेबांनी लिहिलं की सॉकेटचं, म्हणजे नेटवर्क कनेक्शनच्या टोकाचं, विचित्र वागणं मॅन पेजात, म्हणजे लिनक्सच्या माहितीपानात, घालू नका, लिहिलं की शब्द दिल्यासारखं होतं, कर्नलवाले, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणारे, अडकतात, ज्याला गरज आहे तो सोर्स कोड वाचेल. साहेब, रात्री दोनला सर्व्हर बोंबलत असताना वाचून दाखवा सोर्स. लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या, ४०००० नंबर पोर्टवरची सर्व्हिस पडलीये, क्लायंट लूपमध्ये कनेक्ट मारतोय. लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला डिफॉल्टने ३२७६८ ते ६०९९९ मधला पोर्ट देतो, त्यात कधीतरी ४००००च लागतो आणि सॉकेट स्वतःलाच जोडला जातो! एरर नाही, काही नाही, जे पाठवाल तेच परत वाचायला मिळतं. वर सर्व्हिस उठायला गेली की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’. नवख्या पोराने हे कुठे शोधायचं?

टीसीपी_आजोबा:
ते साहेब मीच. विचित्र काय त्यात? दोन्हीकडून एकाच वेळी सिन (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) निघाले तरी कनेक्शन होतं हे टीसीपीच्या नियमांत, आरएफसी ७९३ मध्ये १९८१ पासून लिहिलंय, इथे दोन्ही बाजू एकच, एवढाच फरक. स्वतः पोर्ट त्या रेंजमध्ये टाकायचा आणि खापर मॅन पेजवर. रेंजबाहेरचा घ्या नाहीतर रिझर्व्ह्ड पोर्टच्या सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) टाका, विषय संपला.

ऐरोली_नाईटशिफ्ट:
आरएफसी वाचून किती जण नोकरीला लागतात हो? आणि लिहिलं की लोक विसंबतात म्हणता, न लिहिता पण विसंबतातच! यूजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे प्रोग्रॅम, तोडायची नाही हा लिनक्सवाल्या लायनसचा नियम, त्यात ‘मॅन पेजात असेल तरच’ असं कुठेय? सिलेक्ट, म्हणजे कुठला सॉकेट तयार आहे ते सांगणारा कॉल, त्याच्या मॅन पेजवर तर बग्जखाली सरळ लिहिलंय की सॉकेट वाचायला तयार म्हणेल आणि रीड तरी अडकेल, म्हणजे पॅकेट आलं पण चेकसम (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा) चुकला म्हणून टाकून दिलं. बांधले गेले का कोणाचे हात?

महापे_एमआयडीसी:
लिहून काय होतं ते टीडब्ल्यू_रीसायकल या कर्नल सेटिंगने दाखवलं. कर्नलच्या डॉक्युमेंटमध्ये होतं की जाणकारांच्या सल्ल्याशिवाय हात लावू नका. आमच्याकडे टाइम-वेट सॉकेट (बंद होऊनही थोडा वेळ रेंगाळणारे) वाढले की प्रत्येक जण जाणकार! कुठूनतरी कॉपी, पेस्ट, चालू. मग एका नॅटमागच्या (मशीन अनेक, बाहेर आयपी एक) ऑफिसात काहींची साइट उघडते काहींची नाही, कारण आयपी एकच आणि टाइमस्टॅम्प प्रत्येक मशीनचा वेगळा, मागचा वाटला की कर्नल सिन गुपचूप टाकून देतो. २०१७ ला ४.१२ मध्ये काढूनच टाकला शेवटी.

ऐरोली_नाईटशिफ्ट:
अहो हे माझ्याच बाजूने बोललात. ‘हात लावू नका’ लिहिलं, का ते नाही लिहिलं.

घणसोली_लोकल:
लिहायला पाहिजे हे सगळेच म्हणतात, लिहितं कोण? डॉक्युमेंटेशन आलं की ‘मॅडम, तुम्ही छान लिहिता’. पॅकेट कॅप्चर काढून मी शोधलं की रिसीव्ह बफरमध्ये न वाचलेला डेटा असताना क्लोज केलं तर फिनऐवजी (नीट निरोपाऐवजी) रीसेट (कनेक्शन तोडणारं पॅकेट) जातो, म्हणून क्लायंटला शेवटचं उत्तर मिळत नव्हतं. विकीवर पान लिहिलं. अप्रेझलला काय? ‘इम्पॅक्ट दिसत नाही’. दोन ओळींचा फिक्स टाकणारा सीनियर झाला.

महापे_एमआयडीसी:
ताई, हे सगळीकडेच आहे. सॉकेटचा काय संबंध?

घणसोली_लोकल:
संबंध हाच की ‘सोर्स वाचा’ म्हणायला यांना मोठा पगार मिळतो आणि वाचून लिहिणाऱ्याला शेरा मिळतो.

टीसीपी_आजोबा:
पगारावर जाऊ नका हां. आम्ही वागळे इस्टेटला काम करायचो तेव्हा गूगल नव्हतं, कोणी भरवलं नाही आम्हाला.

घणसोली_लोकल:
नव्हतं ना? मग नेटवर्किंगच्या जाड पुस्तकांची झेरॉक्स फिरवत होतात ती काय आकाशातून पडली? कोणीतरी बसून लिहिलेलंच वाचलंत ना काका.

टीसीपी_आजोबा:
बरं बाई, लिहा. पण मॅन पेजच्या नोट्सखाली, कर्नल व्हर्जन टाकून, आणि ‘असं होतं’ नाही, ‘असं होऊ शकतं’. सोबत टेस्ट प्रोग्रॅम जोडा, नुसती रडगाणी कोणी मर्ज करत नाही.

ऐरोली_नाईटशिफ्ट:
तो सोपाय. लूपमध्ये कनेक्ट, गेटसॉकनेम (आपला पत्ता) आणि गेटपियरनेम (समोरचा पत्ता) सारखे आले की थांब. चला, आजोबांनी परवानगी दिली, धन्य झालो.

महापे_एमआयडीसी:
टीडब्ल्यू_रीयूज या दुसऱ्या सेटिंगचं पण लिहा रे, तो फक्त बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी आहे, अजून लोक तो आणि रीसायकल एकच समजतात.

घणसोली_लोकल:
‘लिहा’ म्हणजे कोणी?