फळ्यावरचा ‘बिल’ आणि सुलेमानची आई

रानवारा:
लोराँ कांतेचा ‘आंत्र ले म्युर’ हा फ्रेंच सिनेमा काल पुन्हा पाहिला. आपल्याकडे बऱ्याच जणांनी तो ‘द क्लास’ या नावाने पाहिला असेल. पॅरिसच्या विसाव्या विभागातली शाळा, माली, चीन, मोरोक्को अशा ठिकाणांहून आलेल्या घरांतली तेरा ते पंधरा वर्षांची मुलं, आणि फ्रेंच शिकवणारा गोरा मास्तर. २००८ साली कान महोत्सवात पाम द’ओर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. एका वर्गात इतक्या तऱ्हेची मुलं दिसतात म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. चेहरे मुलांचे, गोष्ट मास्तरची. सुलेमान या विद्यार्थ्याला शाळेतून काढायची बैठक आठवा. आईला फ्रेंच येत नाही. माझा मुलगा चांगला आहे, घरात मदत करतो, असं ती सांगते आणि त्याचं भाषांतर करावं लागतं त्याच मुलाला, ज्याच्यावर ठपका आहे. ते घर आपल्याला एकदाही दिसत नाही.

खडू_आणि_डस्टर:
अजिबात पटलं नाही. सुरुवातीचा कॉफीचा घोट सोडला तर कॅमेरा शाळेबाहेर जातच नाही. नावाचा अर्थच ‘भिंतींच्या आत’. मास्तरचं तरी घर कुठे दिसतं?
आणि ‘बिल’ विसरलात? एका शब्दाचा अर्थ सांगायला मास्तर फळ्यावर वाक्य लिहितो, त्यात बिल चीजबर्गर खातो. वर्गातली खुंबा विचारते, नेहमी बिलच का? आयसाता, रशीद, अहमद का नाही? प्रत्येकाच्या मुळाप्रमाणे नाव शोधत बसलो तर संपायचंच नाही, म्हणतो तो. मुली ऐकत नाहीत. मी मराठी व्याकरण शिकवते. ‘राम आंबा खातो’ हे वाक्य किती वर्षं फळ्यावर लिहिलं, मोजदाद नाही. माझ्या वर्गात शबाना होती, जोसेफ होता. त्यांनी कधी विचारलं नाही. खुंबाने विचारलं तेव्हा मला त्यांची आठवण आली आणि रात्री झोप लागली नाही. हे प्रतिनिधित्व नाही तर काय?

रानवारा:
ताई, तो प्रसंग माझाही आवडता आहे. पण मास्तरचं काम करणारा फ्रांस्वा बेगोदो हा मूळ कादंबरीचा लेखकच. तो स्वतः शिक्षक होता. म्हणजे शब्द त्याचे, वर्ग त्याचा, पडद्यावर तोच. मुलांच्या वाट्याला काय उरलं?

पाणंद:
बरंच उरलं. ती खरोखरच शाळकरी मुलं. शालेय वर्षभर त्यांच्याबरोबर कार्यशाळा झाल्या आणि कॅमेऱ्यासमोर ती आपल्या शब्दांत बोलली. पाठ केलेल्या संवादांना ती धार येत नाही. मास्तरला सिनेमा सोडतही नाही. वर्गप्रतिनिधी मुलींसाठी तो घाणेरडा शब्द वापरतो, त्यावरून सुलेमान भडकतो, आणि शिक्षा होते ती सुलेमानलाच. मास्तरच्या बाजूचा सिनेमा हे इतकं उघडं करून दाखवेल का?
आणखी एक. फ्रान्सच्या जनगणनेत वंश किंवा धर्म विचारत नाहीत. प्रजासत्ताकाला सगळे नागरिक सारखे, हे तिथलं तत्त्व. अशा देशात एका मुलीने फळ्यावरच्या नावाचा रंग विचारणं साधी गोष्ट नाही.
आणि शेवटचा दिवस? वर्षभरात काय शिकलात, असं मास्तर विचारतो. वर्ग रिकामा झाल्यावर आंरिएत नावाची मुलगी एकटी त्याच्यापाशी येते आणि सांगते, मी काहीच शिकले नाही. त्याआधी ती कुठे बसायची, आठवतंय तुम्हाला?

रानवारा:
नाही आठवत. खरंच नाही. ते पुन्हा बघेन.
आईचा मुद्दा मात्र सोडणार नाही. मुलाला शाळेत ठेवायचं की नाही याचा निकाल लागतोय आणि एक दुभाषा बोलवावा, हे त्या टेबलाभोवती कुणालाही सुचत नाही. तुम्ही म्हणाल, सिनेमा तेच दाखवतोय. दाखवतो. पण निरोप घेऊन ती मुलाबरोबर बाहेर पडते, दार लागतं, आणि आपण आतच राहतो. मला तिच्यामागे जायचं होतं.