शब्दचर्चा : ‘कव्हर घे!’ हे मराठीत कसं ओरडाल?

रिकामा पोहरा

भाचा सुट्टीला राहायला आलाय. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, म्हणजे झोप सोडून सगळं करायला वेळ. माळ्यावरचा जुना एक्सबॉक्स ३६० खाली काढला, तो चक्क चालू झाला, आणि आम्ही २००६ चा ‘गिअर्स ऑफ वॉर’ हा व्हिडिओ गेम लावला. पडदा मधोमध दुभागून दोघांनी मिळून खेळायचा. आईने तासभर आमचा आरडाओरडा ऐकला आणि विचारलं, “तुम्ही दोघं नक्की कुठली भाषा बोलताय?” कव्हर घे, रीलोड कर, फ्लँक होतोय, सप्रेस कर. वाक्यात मराठी फक्त ‘घे’ आणि ‘कर’. मग तिनेच नियम घातला : इंग्रजी शब्द तोंडून निघाला की डब्यात १० रुपये. पहिल्या संध्याकाळी ११० रुपये जमले, त्यातले ७० एकट्या ‘कव्हर’चे.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी : सेरा नावाच्या ग्रहावर जमिनीखालून लोकस्ट नावाची फौज वर आलेली आहे, चौदा वर्षं लढाई चालू आहे, शहरांचे सांगाडे उरलेत. आपण मार्कस फिनिक्स, जोडीदार डॉम. दोघांचे दंड माझ्या कमरेएवढे. पण एवढा दांडगा गडीसुद्धा उघड्यावर उभा राहिला की काही क्षणांत आडवा. ‘ए’ बटण दाबलं की तो जवळच्या भिंतीला, खांबाला, मोडक्या मोटारीला अंग चिकटवतो. तिथून डोकं काढायचं, नेम धरायचा, पुन्हा आत. लागलं की पडद्यावर दातेरी चक्रातली कवटी लाल होत जाते आणि मागे गप्प बसलं की आपोआप विरते. म्हणजे ‘कव्हर’ हा या खेळातला एक शब्द नाही, अख्खा खेळच तो आहे. त्याला मराठी हवा, आणि ओरडता येईल इतका छोटा हवा. परवा मी ‘आश्रय घे’ म्हणून पाहिलं. ‘आश्रय’ संपेपर्यंत भाचा गेला होता.

दुपारची झोप

आडोसा. आडोशाला जा. विषय संपला.

ठेचा

आमच्या गावात ‘आडोशाला जा’ म्हटलं की माणूस आधी टमरेल शोधतो. चालू लढाईत हे नको.

निवृत्त पेन्सिल

पोहरेराव, नाव पोहरा आणि शोधताय आड! आडात आहे तेच पोहऱ्यात येईल, तेव्हा सरळ ‘आड’ घ्या. (विहीर हा अर्थ तूर्त बाजूला ठेवू.)

‘आड’ची गंमत ही की तो शब्दाला चिकटतो, तुमचा मार्कस भिंतीला चिकटतो तसाच. भिंतीआड, खांबाआड, दाराआड, ढगाआड. ‘भिंतीच्या मागे’ आणि ‘भिंतीआड’ यांत फरक आहे. मागे असणं ही नुसती जागा झाली. आड असण्यात समोर कोणीतरी आहे, आणि त्याच्या-माझ्यात ती वस्तू आहे, हे गृहीत धरलेलं असतं. इंग्रजी शब्दात झाकण्याची कल्पना आहे, आपल्या शब्दात मध्ये येण्याची. म्हणून ‘आड येणे’ म्हणजे अडथळा करणे. भिंत माझ्यासाठी आड, शत्रूच्या आड येणारी.

बाकीचे उमेदवार एकेक करून बाद करतो. ‘निवारा’ ऊन-पावसापासूनचा, शिवाय त्यावर एसटीने कायमचा हक्क सांगितला आहे. ‘आसरा’ माणसाकडे मागायचा असतो, भिंतीकडे नाही. त्यातून ‘आसरा!’ असं ओरडलात तर तुमच्या आईंना पाणवठ्यावरच्या साती आसरा आठवतील. ‘कवच’ अंगावर चढवायचं, ते या गड्यांनी आधीच चढवलंय. ‘दडणे’ आणि ‘दडी मारणे’ यांत परत बाहेर यायची घाई नसते, आमच्याकडच्या पावसाला विचारा. तुमच्या खेळात दर दोन सेकंदांनी बाहेर यायचंय.

सावधान विश्राम

एनसीसीत तीन वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. तिथे पहिल्याच धड्यात दोन गोष्टी वेगळ्या शिकवतात : नजरेपासूनची आड आणि गोळीपासूनची आड. झुडपामागे तुम्ही दिसत नाही, पण गोळी झुडपाला विचारून येत नाही. वाळूच्या पोत्यांमागे टोपी दिसली तरी जीव वाचतो.

मराठीत हा फरक आधीपासून आहे असं मला वाटतं. ‘आडोसा’ हा नजरेपासूनचा. गोणपाट, साडीचा पडदा, कुंपणाचा झाप, हे सगळे आडोसे. आडोशाने गोळी अडत नाही. त्यामुळे ठेचारावांची हरकत विनोदापुरती नाही, अर्थालाही धरून आहे.

रिकामा पोहरा

हे छानच. खेळातही काही वस्तू चार गोळ्यांत फुटतात. त्यांना आडोसा म्हणू आणि दगडी कठड्याला आड. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, “मामा, मरताना एवढं व्याकरण कोण बघणार?”

दुपारची झोप

फुटणारी आड ही या प्रकाराची मूळ मालकीण आहे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खाली चार बुरूज होते आठवतात? वरून मारा झाला की त्यांचे टवके उडायचे. आपणच खालून झाडलेल्या गोळ्यांनीही उडायचे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मग १९९५ चा नामकोचा ‘टाइम क्रायसिस’. पायाखाली पॅडल : दाबलं की बाहेर, सोडलं की आत, आणि आत गेलं की बंदूक भरलेली. त्यानंतर २००३ चा ‘किल स्विच’, भिंतीला पाठ लावून नुसता हात बाहेर काढून गोळ्या. ‘गिअर्स’ने भिंतीला चिकटणं यातून उचललं आणि खांद्यामागचा कॅमेरा ‘रेझिडेंट ईव्हिल ४’मधून. डिझायनर क्लिफ ब्लेझिन्स्कीने ते आडोशाला ठेवलेलं नाही, मोकळेपणाने सांगितलंय.

बघा, मी ‘आडोसा’ वापरला आणि बरोबर बसला.

गडवाट

उशिरा आलो. तुम्ही सगळे मैदानात शब्द शोधताय, तो गडावर आहे.

कुठल्याही धड राहिलेल्या तटावर चढा. तटावरून चालायची जी वाट ती फांजी. तिच्या बाहेरच्या कडेला पाकळीसारखे दगडी दाते असतात, त्या चऱ्या. तटात, बुरुजात ठेवलेली भोकं म्हणजे जंग्या. आतून ऐसपैस, बाहेरून अरुंद, काही खाली तिरक्या, म्हणजे पायथ्याशी आलेला माणूस टिपता येतो आणि त्याला आपण दिसत नाही. चरीआड उभं राहायचं, जंगीतून बार टाकायचा, पुन्हा चरीआड बंदूक भरायची. तुमचा मार्कस दुसरं काय करतो? फक्त आपल्या माणसाला ‘ए’ बटण नव्हतं.

हे झालं वर राहणाऱ्यांचं. खालून वेढा घालणाऱ्यांनाही आड लागायची, ती ते उभी करत : माती, पोती, लाकूडफाटा. तिला म्हणत मोर्चा. मूळ फारसी. ‘मोर्चे लावले’, ‘मोर्चे बांधले’, ‘मोर्चे पुढे नेले’ ही जुन्या कागदांतली नेहमीची भाषा. मोर्चा म्हणजे ज्याच्या आड बसून मारा करायचा तो बांध. पोहरेराव, हाच तुमचा ‘कव्हर’, अर्थाला अगदी नेमका : लपायचं, पण लढण्यासाठी.

आज मोर्चा म्हणजे काय? हजारो माणसं उघड्या रस्त्यावर, भर उन्हात, कसलीही आड नसताना चाललेली. शब्दाने इतकी उलटी उडी क्वचित मारली असेल. मधला दुवा मला दिसतो तो असा : मोर्चा गडावर लावायचे, पुढे तो कचेरीवर ‘नेऊ’ लागले. वेढ्याची कल्पना राहिली, बांध गळून पडला. जुना अर्थ अजून दोन ठिकाणी दबा धरून बसलाय. एक ‘मोर्चेबांधणी’त, जी निवडणुकीआधी सुरू होते. दुसरा ‘त्याने आपला मोर्चा श्रीखंडाकडे वळवला’ यात. इथे वळते आहे ती तोफ, मिरवणूक नव्हे.

त्याच घरातला आणखी एक, दमदमा : तोफ चढवायला केलेला मातीचा उंचवटा. कोलकात्याजवळच्या डमडमचं नाव यावरूनच आल्याचं सांगतात, आणि तिथल्या कारखान्यावरून ‘दमदम’ गोळीचं. पण ते विषयांतर.

ठेचा

‘मोर्चा!’ असं ओरडल्यावर भाचा झेंडा शोधेल. नको.

सावधान विश्राम

गडवाट, मोर्चा बांधून बसण्याची दुसरी बाजूही आहे. १७६० च्या शेवटी भाऊसाहेबांनी पानिपतला छावणीभोवती खंदक खणून मोर्चे लावले. आड भक्कम होती. फक्त तिच्या बाहेर रसद तुटली आणि आत उपास सुरू झाले. १४ जानेवारीला बाहेर पडावंच लागलं.

दुपारची झोप

चला, बाविसाव्या नव्हे, चक्क नवव्याच प्रतिसादात पानिपत.

रिकामा पोहरा

नववा असो, मुद्दा खेळाला लागू आहे. एका जागी जास्त वेळ बसलं की बाजूने येतात किंवा बॉम्ब टाकतात. आडीतून आडीत सरकत राहायचं असतं. त्यासाठी कमरेत वाकून पळायची एक खास धाव आहे, कॅमेरा जमिनीलगत येतो आणि हादरतो, युद्धाच्या बातमीपटात असतो तसा. तिला आम्ही ‘ओणवं’ म्हणतो. “ओणवा, ओणवा, खांबाआड!” हे एका दमात येतं.

आणि रीलोडसाठी काय?

गडवाट

बार भर. दुसरं काय?

निवृत्त पेन्सिल

बरोबर. ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी ठासून बार भरत. पुढे नुसतं लग्न ठरलं तरी आपण बार उडवू लागलो. शब्द तयार आहे, दोन अक्षरी क्रिया आहे, आणखी काय हवं?

रिकामा पोहरा

हवं ते यातच निघालं! या खेळात बंदूक भरण्यात एक मेख आहे. बटण दाबलं की वरच्या कोपऱ्यात एका पट्टीवरून रेघ सरकते. ठरावीक जागी ती आली की पुन्हा दाबायचं. जमलं तर बंदूक झटकन भरते, वर त्या गोळ्या जास्त लागतात. चुकलं तर बंदूक अडकते आणि आपण शत्रूसमोर तिच्याशी झटापट करत बसतो. काल भाच्याचं चुकलं आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, “फुसका बार!”

तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही.

ठेचा

काकूंना टीममध्ये घ्या. आणि त्या लोकस्टला काय म्हणता? टोळ म्हणा. टोळधाड. शेवगा, बाजरी सगळं फस्त करून जाते ती. मादी अंडीही जमिनीतच घालते, म्हणजे खालून वर येण्याचंही जुळलं. इंग्रजी नावापेक्षा आमचंच जास्त भीतिदायक आहे.

दुपारची झोप

मान्य. आणि न बघता नुसता हात काढून गोळ्या मारणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. ‘अंदाधुंद’ नको, त्यात डोळे उघडे असतात, अक्कल मिटलेली असते.

निवृत्त पेन्सिल

‘सप्रेस’ला, म्हणजे शत्रूला डोकं वर काढू द्यायचं नाही म्हणून जो सतत मारा करतात त्याला, ‘सरबत्ती’ चालेल का? मूळ अर्थ बंदुकांची एकदम सुटलेली फैर. आता ती फक्त प्रश्नांची होते, पत्रकार परिषदेत.

सावधान विश्राम

सरबत्ती एकदाच सुटते. इथे धार धरायची आहे. आम्ही सरळ ‘दाबून धर’ म्हणायचो. ज्याला दाबतोय तो डोकं खाली ठेवतो, म्हणजे शब्दशः तेच होतं.

रिकामा पोहरा

दाबून धर पास. ‘फ्लँक’, म्हणजे बाजूने येऊन गाठणं, त्यासाठी मी ‘बगल’ काढला होता, पण ‘बगल देतोय’ म्हटल्यावर भाच्याला वाटलं शत्रू टाळाटाळ करतोय. तोच मग बोलता बोलता म्हणाला, “मामा, धप्पा येतोय, डावीकडून!” मी क्षणभर थांबलो आणि खरंच मागून धप्पा बसला.

मला वाटतं आपण बखरी शोधत होतो आणि पोरगं लपंडावातून शब्द काढत होतं. कंबरभर उंचीच्या ज्या भिंती या खेळात पावलोपावली बांधून ठेवल्यात (लढाई होणार हे गवंड्याला आधीच सांगितलेलं असावं), त्यांना तो ‘कट्टा’ म्हणतो. शिवाजी पार्कला ज्यावर बसून गप्पा मारतात, तोच. आणि जिथे कवटी विरेपर्यंत बसतो ती जागा भोज्जा.

गडवाट

भोज्ज्याला शिवलं की कोणी मारू शकत नाही. इथे बॉम्ब येतो म्हणालात.

रिकामा पोहरा

ते मीही म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या काळात लोक नियम पाळायचे.

आजचा हिशेब : तीन तास खेळलो, डब्यात फक्त १० रुपये. ‘आड’ पक्का झाला. ‘बार भर’, ‘ओणवा’, ‘धप्पा’ जिभेवर बसले. हे दहा रुपये माझे. दारावर कुरिअरवाला आला, भाचा एकटा टोळांच्या तावडीत, आणि मी उठता उठता ओरडलो, “टाइम प्लीज!” आईने डबा पुढे केला.

ठेचा

टाइम प्लीज इंग्रजी? पैसे परत मागा.

निवृत्त पेन्सिल

परत मागाच. मुठीवर फुंकर मारून म्हणाला होतात ना?