मदत हवी आहे: खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेची दुरुस्ती, आधी छप्पर की आधी सोलर?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) जांबोटी भागातल्या एका सरकारी मराठी शाळेच्या दुरुस्तीबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. माजी विद्यार्थी आणि गावकरी मिळून सहा लाखांपर्यंत जमतील.

जुन्या इमारतीत एका ओळीत ४ खोल्या आहेत, प्रत्येक २० बाय २४ फूट, पूर्वेला ८ फुटी व्हरांडा. भिंती चिऱ्याच्या, वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौलं. वानरं कौलं फोडतात, जूनपासून वर्गात बादल्या ठेवाव्या लागतात. भिंतींना जमिनीपासून ३ फूट ओल आहे. मध्यंतरी सिमेंटचा गिलावा करून खाली ऑइल पेंटचा पट्टा मारला होता, तो फुगून गळतोय. मागे २ स्लॅबच्या खोल्या आहेत (त्याच मापाच्या), त्याही गळतात. स्लॅबवरचं पाणी उतरायला एकच ३ इंची पाइप आहे. शेजारी ग्रामपंचायतीचं ३० बाय ५० फुटांचं पत्र्याचं समुदाय भवन. एप्रिलमध्ये आत बसवत नाही आणि पाऊस लागला की माइक लावूनही ऐकू येत नाही.

वीज सिंगल फेज. ६ खोल्यांत मिळून २४ जुने पंखे, चोकच्या ट्यूब. पावसाळ्यात दिवसभर दिवे लावावे लागतात.

एका ठेकेदाराचं कोटेशन आलंय: ५ किलोवॉट सोलर, आणि उरलेल्या पैशात कौलं काढून रंगीत पत्रा. देणगीदारांनाही सोलर आवडतं, कारण त्यावर पाटी लावता येते. हे बरोबर आहे का? नसेल तर क्रम काय ठेवावा?

आढं_पाखाडी

क्रम असा ठेवा: पाणी, मग ऊन, मग पंखे-दिवे, आणि सोलर सगळ्यात शेवटी. गळक्या छपराखाली नवं वायरिंग केलं तर दोन पावसाळ्यांत बोर्डात पाणी उतरतं.

कौलं काढून नुसता पत्रा टाकू नका. समुदाय भवनात जो त्रास आहे तोच चार वर्गांत आणाल. कौलाच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते, पत्र्याखाली ती कोंडते.

आधी हिशोब. ४ खोल्या, व्हरांडा आणि दोन्हीकडची वळचण धरून, ३० अंश उतारावर छपराचं क्षेत्र साधारण ३८०० चौरस फूट, म्हणजे ३५० चौ.मी. होतं. चौ.मी.ला १५ कौलं धरा, म्हणजे ५३०० च्या आसपास. सगळी विकत घ्यायची नाहीत. उतरवताना प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर परत चढवायचं, बोदं वाजलं तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे, बाजूला काढायचं. शेवाळ तारेच्या ब्रशनं घासून काढा. कौलांच्या खाचांत शेवाळ साचलं की पाणी उलटं चढून आत पडतं आणि दोष फुटक्या कौलांवर जातो.

वाशांची तपासणी मधोमध करून उपयोग नाही. वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर ते टोक कुजलेलं आहे. पूर्ण वासा बदलायची गरज नसते, शेजारी नवा तुकडा बोल्टनं जोडून चालतो, पण तो सांधा भिंतीपासून खोलीच्या बाजूला २ फूट तरी यायला हवा. रीपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) मात्र सरसकट नव्या घाला. दोन रीपांमधलं अंतर टेपनं ठरवू नका. तुमचीच दोन कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून मोजा.

वानरांसाठी दोन मार्ग आहेत. उपद्रव कमी असेल तर वळचणीच्या खालच्या तीन ओळी आणि आढ्याजवळच्या दोन ओळी मागच्या कानाच्या भोकातून स्टेनलेस तारेनं रीपेला बांधा. जास्त असेल तर वाशांवर ०.५ मिमीचा रंगीत पत्रा, त्यावर रीपा आणि त्यावर कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून वाहून जातं, मधल्या हवेच्या थरामुळे ऊन उतरत नाही आणि पावसाचा आवाजही कौलावरच मरतो. फक्त पत्र्यावरच्या आडव्या रीपा थेट ठोकल्या तर पाणी आणि कचरा त्यांच्यामागे अडतो. आधी उताराच्या दिशेनं उभ्या पट्ट्या ठोका, मग आडव्या रीपा. वजन वाढतं, त्यामुळे वासे आधी इंजिनिअरला दाखवा.

पत्रा घालणार नसाल तर वाशांच्या खालून अॅल्युमिनियमची परावर्तक शीट लावा, चकचकीत बाजू खाली, कौलापासून किमान एक इंच अंतर ठेवून. वरच्या बाजूवर वर्षभरात धूळ बसते आणि चकाकी जाते, म्हणून खाली. फोम चिकटवलेली शीट घेऊ नका, शाळेत आगीचा धोका कशाला?

उजेडासाठी प्रत्येक खोलीला ६ काचेची कौलं पुरेत, तीही पूर्वेच्या पाखाडीवर (छपराच्या उतरत्या बाजूवर) आणि वर्गाच्याच डोक्यावर येतील अशी. पश्चिमेला घातली तर दुपारी फळ्यावर चकाकी येते. पश्चिमेची वळचण मात्र ३ फुटांपर्यंत काढा. विषुववृत्तावर सूर्य असतो त्या दिवसांत, मार्च-सप्टेंबरमध्ये, साडेतीनच्या सुमारास ऊन साधारण ४५ अंशांवर असतं, म्हणजे ३ फूट वळचण खाली सुमारे ३ फूट सावली देते. आपल्याकडचा झोडपणारा पाऊसही पश्चिमेचाच, तोही भिंतीपासून लांब राहतो.

चुन्याची_निवळी

भिंतींबद्दल. तो ऑइल पेंटचा पट्टा हाच अर्धा रोग आहे. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी ओढतो आणि पृष्ठभागातून सोडतो. सिमेंट आणि ऑइल पेंटनं वाट बंद केली की ओल वर चढते. पट्टा ३ फुटांवरून ४ फुटांवर नेला तर ओलही ४ फुटांवर येईल!

पहिलं काम भिंतीच्या बाहेर करा. वर्षानुवर्षं माती साचून अंगण जोत्याच्या बरोबरीला आलेलं असतं. ती माती काढून जमीन जोत्याखाली किमान ९ इंच न्या आणि भिंतीलगत ३ फूट रुंद फरशी बाहेरच्या उतारानं घाला. पागोळ्या पडतात तिथे गटार हवं. हे न करता आत कितीही चांगला गिलावा केला तरी ओल परत येणार.

मग ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत सिमेंटचा गिलावा खरवडून काढा, सांधे पाऊण इंच खोल कोरा आणि भिंत तशीच उघडी ठेवून दोन महिने वाळू द्या. पांढरे क्षार बाहेर येतील, ते कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतले तर परत आत जातात. नंतर चुना १, सुरखी १, वाळू २ या प्रमाणात गिलावा: पहिला थर १२ मिमी, दुसरा ६ मिमी. चुना भिजवून किमान दोन आठवडे मुरलेला हवा. सुरखीला खानापूरच्या भट्ट्यांवरची फुटकी कौलं-विटा दळून चालतात, पण जळून काळी झालेली वीट नको, तिची सुरखी चुन्याशी धरत नाही. गिलाव्यावर गोणपाट लावून आठ-दहा दिवस ओलं ठेवा. वरून चुन्याचाच हात. डिस्टेंपर नको.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मार्चच्या उन्हात चुन्याला तडे जातात.

सळई_सेंट्रिंग

स्लॅबच्या गळतीचं कारण तुमच्या पोस्टमध्येच आहे: तो एकुलता एक ३ इंची पाइप.

दोन खोल्यांची गच्ची ९६० चौरस फूट, म्हणजे ८९ चौ.मी. ताशी १०० मिमी पावसाला ३ इंची पाइप फार तर २० चौ.मी. छपराचं पाणी नेतो, ४ इंची साधारण ४२ चौ.मी.चं. तुमच्याकडे मोठ्या सरीत गच्चीचं तळं होतं आणि पाणी कठड्याच्या सांध्यातून आत शिरतं. हिशोबानं ४ इंची दोन पाइप किंचित कमी पडतात, आणि फणसाच्या एका पानानं एक पाइप तुंबतोच, त्यामुळे तीन घाला. तोंडाला सपाट जाळी नको, घुमटाकार जाळी बसवा.

कोब्यावर (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरावर) कोबा करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. ४ इंची विटांच्या कोब्याचं वजन चौ.मी.ला २०० किलोच्या घरात जातं. जुना कोबा सुटला असेल तर काढून मग नवा, उतार १:८० चा, आणि गच्ची कठड्याला मिळते त्या कोपऱ्याला गोलाई. मग ४८ तास २ इंच पाणी तुंबवून तपासा. ठेकेदाराचं शेवटचं बिल या चाचणीनंतर द्यायचं, हे करारातच लिहा. वरून पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझेक करा. पांढरा रंग स्वस्त पडतो, पण खानापूरच्या पावसात शेवाळानं एका हंगामात काळा होतो. मग दर जानेवारीत घासायचा, दोन-तीन वर्षांनी परत मारायचा, आणि शाळेत ते कोण करणार?

सोलर पुढच्या वर्षी बसवायचं असलं तरी त्याचे काँक्रीटचे खूर आत्ताच, वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या. नंतर गच्चीत ड्रिल मारलं की सगळं काम वाया.

समुदाय भवनाचा पत्रा लोखंडी की सिमेंटचा, ते लिहिलं नाही. जुना सिमेंटचा असेल तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. तो फोडायचा नाही, कापायचा नाही, ओला करून अख्खा उतरवायचा आणि काम करणाऱ्यांना एन-९५ मास्क द्यायचे. लोखंडी असेल तर खालून ५० मिमी रॉकवूल आणि त्याखाली जाळी. ऊन आणि आवाज दोन्ही एकाच खर्चात कमी होतात. छपरावर फिरते पंखे बसवणार असाल तर खाली हवा आत यायला झरोके आहेत का ते आधी बघा. दारं-खिडक्या बंद ठेवून वरचे पंखे फिरतात, पण हवा हलत नाही.

तीनफेज

आता वीज. जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० वॉटच्या आसपास. २४ पंखे, दिवसाला ६ तास, वर्षाला २०० दिवस धरले तर १३०० युनिट वाचतात. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून तार सरळ जोडा. तो राहिला तर पंख्याचं सर्किट जळतं आणि वॉरंटीही जाते. रिमोटवाला पंखा शाळेत नको, महिन्याभरात रिमोट सापडत नाहीत. भिंतीवरच्या बटणानं वेग बदलणारं मॉडेल मागा.

दिवे: खोलीला २० वॉटच्या ८ एलईडी ट्यूब, म्हणजे बाकांवर सुमारे १७० लक्स (उजेडाचं माप). वर्गासाठी ३०० असावेत असं म्हणतात, पण काचेच्या कौलांचा उजेड जोडीला आहे. रांगा खिडक्यांना समांतर घ्या आणि प्रत्येक रांगेला वेगळं बटण द्या, म्हणजे खिडकीजवळची रांग बंद ठेवता येते. फळ्यावर एक ट्यूब वेगळी. भिंती आणि छताची खालची बाजू पांढरी असेल तरच हा हिशोब लागू आहे.

एवढं झालं की शाळेची रोजची गरज, कॉम्प्युटर आणि पंप धरून, ९-१० युनिटवर येते. १ किलोवॉट वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला ४ युनिट देतो, जुलै-ऑगस्टमध्ये निम्मं किंवा त्याहून कमी. म्हणजे ३ किलोवॉट बास, गच्चीवर ३०० चौरस फूट, दक्षिणेला तोंड, १५ अंश कल. कर्नाटकात शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत बंद, आणि ऊन तेव्हाच सर्वांत जास्त. हेस्कॉमचं (इथली वीज कंपनी) नेट मीटर, म्हणजे उरलेली वीज ग्रीडला देऊन वजावट मिळवणारं मीटर, नसेल तर ती वीज फुकट जाते. मंजूर भार किती आहे ते बिलावर बघून मगच अर्ज करा.

आणखी एक, कोटेशन देणारे हे सांगत नाहीत: ग्रीडवरचा साधा इन्व्हर्टर लाइट गेली की सोलरही बंद करतो, लाइनमनच्या सुरक्षेसाठी. कॉम्प्युटरच्या खोलीला लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. सूर्यघर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे, शाळेचा हिशोब त्याच्यावर मांडू नका.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. समुदाय भवनाचा पत्रा लोखंडी आहे. दोन शंका: ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र घ्यावं का, देणगीदार विचारतात. आणि कौलं कमी पडली तर नवी जुन्यांत बसतील का?

सळई_सेंट्रिंग

प्रमाणपत्राच्या पैशात एका खोलीचं छप्पर होईल. ऊर्जा संवर्धन इमारत संहिताही १०० किलोवॉट जोडभाराच्या पुढच्या इमारतींसाठी आहे, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. देणगीदारांना आधीचं आणि नंतरचं वीजबिल दाखवा. परवानगीचं मात्र आत्ताच बघा: इमारत सरकारी आहे, तेव्हा एसडीएमसीचा (शाळेच्या देखरेख समितीचा) ठराव, बीईओंचं (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं) पत्र आणि जिल्हा पंचायतीच्या इंजिनिअरची तांत्रिक मंजुरी हातात आल्याशिवाय एक कौलही उतरवू नका. उतरवलेलं लाकूड आणि कौलं मोजून रजिस्टरला लावा, नाहीतर पुढे विनाकारण चौकशी मागे लागते.

आढं_पाखाडी

वेगवेगळ्या भट्ट्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, खाच दोन-तीन मिमी इकडेतिकडे असते. जुनं अख्खं कौल सोबत घेऊन जा आणि तिथेच अडकवून बघा. जुळलं नाही तर मिसळ करू नका: चांगली जुनी सगळी पूर्वेच्या पाखाडीवर, नवी सगळी पश्चिमेच्या, पाऊस लागतो त्या बाजूला. पाखाड्या फक्त आढ्यावर भेटतात आणि तिथे कोण्याची कौलं वरून येतात. फुटकी टाकू नका, सुरखीला लागतीलच. आणि वळीव मे महिन्यात कधीही गाठतो, तेव्हा एका वेळी एकाच खोलीचं छप्पर उघडा आणि ताडपत्री जवळ ठेवा.