भिंतीवरच्या म्युरलचा पिवळा उडाला, निळा मात्र तसाच, असं का?

रंगारी_पुणेकर: सोसायटीच्या कंपाउंडवर 4 वर्षांपूर्वी चित्र काढून घेतलं, आता पिवळा-लाल पार फिका पडलाय, निळा ठणठणीत, आणि हात फिरवला की पांढरी पावडर लागते. लॅबमध्ये कळतं का कुठला रंग वापरला ते?

केमिस्ट्रीवाली: कळतं की. बाइंडर (रंग भिंतीला धरून ठेवणारा चिकट भाग) कुठलाय, अ‍ॅक्रिलिक की अल्किड (ऑइलपेंटवाला), हे एफटीआयआरवर (इन्फ्रारेड प्रकाशाची चाचणी) दिसतं, आणि पिगमेंट (रंग देणारी भुकटी) रामनवर (लेझरची चाचणी). निळा बहुतेक थॅलोसायनिन पिगमेंट असणार, तो उन्हाला दाद देत नाही, पण स्वस्तातले अ‍ॅझो प्रकारचे पिवळे-लाल उन्हातल्या यूव्ही किरणांनी मरतात. पावडर म्हणजे चॉकिंग, वरचा बाइंडर झिजला की पिगमेंट सुटं होतं. पण पावडर फक्त खाली जमिनीलगत असेल तर लोणा (ओलीने भिंतीतून बाहेर आलेले क्षार) असेल हां, आधी ते बघ.

भटक्या_77: इटलीत पिसाला अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंगचं 'तुत्तोमोंदो' म्युरल बघितलंय, 1989 चं, चर्चच्या मागच्या भिंतीवर, 180 चौरस मीटर! त्याच्याही रंगांची अशीच तपासणी झालीये.

रंगारी_पुणेकर: पण त्यासाठी भिंत खरवडायची का??

केमिस्ट्रीवाली: नाही रे, टाचणीच्या डोक्याएवढा कण पुरतो, तोही आधीच पोपडे आलेल्या कडेचा घे. आडवा छेद करून मायक्रोस्कोपखाली धरला की प्रायमर होता की डायरेक्ट प्लास्टरवर फासलं तेही दिसतं. पण खर्च बघता मी आधी पेंटरलाच विचारेन, डबे कुठले होते 😄