छोट्या पिकअपला कॅम्पर ट्रेलर जोडून योसेमिटी नॅशनल पार्कला न्यायचाय, झेपेल का?

ट्रकवेडा_फ्रीमाँट
नमस्कार मंडळी. आमच्याकडे फोर्ड मॅव्हरिक आहे, टर्बो इंजिनवाली, ४के टोइंग पॅकेज घेतलेलं, म्हणजे ४,००० पाउंड ओढायची परवानगी. आता एक १७ फुटी सेकंडहँड कॅम्पर मिळतोय, विकणारा म्हणतो ड्राय वेट २,७५०, मग १,२५० पाउंड शिल्लक राहतात ना? आई-बाबा नाशिकहून आलेत, त्यांना, बायकोला आणि पोराला घेऊन योसेमिटीला जायचंय. तंबूत जमिनीवर झोपायला बाबांचे गुडघे तयार नाहीत म्हणून हा सगळा खटाटोप. ट्रेलर आयुष्यात कधी ओढलेला नाही. बायको म्हणाली आधी चार जणांना विचार, मग पैसे दे.

पहाडी_मिसळ
घेऊन टाक रे बिनधास्त. ४,००० ची गाडी आहे, पावणेतीन हजाराचा ट्रेलर, टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायची गिअरची सेटिंग) लाव आणि चल. लोक उगाच घाबरवतात.

सॅक्रामेंटोचे_काका
मिसळराव, इंजिन ओढेल हो, त्याबद्दल वादच नाही. छोट्या पिकअपमध्ये आधी संपतं ते पेलोड. ड्रायव्हरचं दार उघड, चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असेल, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं. त्या आकड्यात तुम्ही पाच जण, मागच्या बेडमधला (म्हणजे उघड्या हौद्यातला) कूलर, खुर्च्या, शेगडी, आणि ट्रेलरचा हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) पडणारा भार म्हणजे टंग वेट, सगळं मोजायचं. ब्रोशरमधले ४,००० वाचून लोक खूश होतात आणि हे स्टिकर कोणी बघतच नाही.

दुसरं, ड्राय वेट विसर. ते फॅक्टरीतून निघालेल्या रिकाम्या डब्याचं वजन. त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाही, आणि बऱ्याचदा बॅटरी आणि गॅससुद्धा धरलेला नसतो. पाणी गॅलनला ८.३ पाउंड, म्हणजे २५ गॅलनची टाकी भरली की २०० च्या वर गेलास. वीस पाउंडी गॅसचा सिलिंडर भरलेला असला की लोखंडासकट ३७ च्या आसपास जातो, आणि असे दोन पुढे दांड्यावर बसवलेले असतात, म्हणजे ते वजन जवळपास पूर्ण हिचवर.

टंग वेट भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. कमी झालं तर हायवेला शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलरची शेपूट हलायला लागते, जास्त झालं तर पिकअपचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात. तुझ्या हिचवरचं लेबल वाच, तिथे टंगची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (टंगचा भार बाकीच्या चाकांवर वाटून देणारी जोडणी) घेऊ म्हणशील, पण मॅव्हरिक युनिबॉडी आहे, म्हणजे खाली वेगळी लोखंडी चौकट नाही, तेव्हा मॅन्युअल काय म्हणतंय ते बघितल्याशिवाय एक बोल्ट पण लावू नकोस.

ट्रेलर घरी आणलास की सामान भर, सगळ्यांना गाडीत बसव आणि ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) ने. एकदा ट्रेलर जोडून वजन कर, मग ट्रेलर बाजूला पार्क करून नुसत्या पिकअपचं, माणसं तीच ठेवून. पिकअपच्या दोन वजनांतला फरक म्हणजे तुझं टंग वेट. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा दारावरच लिहिलेली असते, तीही तिथेच ताडून घे.

रेणू_सॅनहोजे
काकांनी वजनाचं सांगितलंय म्हणून मी बाकीचं सांगते. कॅलिफोर्नियात १,५०० पाउंड किंवा वरच्या कॅम्पर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, तेव्हा कॅम्परचे इलेक्ट्रिक ब्रेक चालतात का ते घेण्याआधी तपास आणि गाडीत ते ब्रेक चालवणारा कंट्रोलर नसेल तर बसवून घे. ब्लूटूथवाले मिळतात, बसवायला सोपे, पण मला वायरवालाच आवडतो कारण ट्रेलर हेलकावे खायला लागला की हाताशी लिव्हर पाहिजे, फोनवर बटण शोधत बसायची ती वेळ नसते. तेव्हा करायचं एवढंच, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढ, स्टीअरिंग सरळ धर, गाडीचा ब्रेक दाबू नकोस आणि लिव्हरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लाव. आपला पाय आपोआप ब्रेककडे जातो, तोच आवरायचा.

टायरवर डॉट नंबर असतो, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड कॅम्परचे टायर फारसे चाललेले नसतात म्हणून नवे दिसतात पण उन्हात उभे राहून आतून गेलेले असतात, पाच-सहा वर्षांचे असतील तर नवे टाकायचे पैसे भावात धर. सेफ्टी चेन खालून एकमेकींना क्रॉस करून लाव म्हणजे कपलर (ट्रेलरचं जोडणीचं तोंड) सुटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर पडतो, आणि ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) चेनला नाही, गाडीला.

स्पीड लिमिट ट्रेलरसकट ५५ आहे, सगळे ओव्हरटेक करतात, करू देत. रिव्हर्स मात्र शनिवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये शिक. स्टीअरिंगच्या तळाला हात धरायचा, ट्रेलर डावीकडे हवा तर हात डावीकडे. कॅम्पसाइटवर आईबाबा, बायको आणि शेजारचा अमेरिकन असे सगळे एकदम हातवारे करायला लागतात, तेव्हा एकालाच नेम आणि बाकीच्यांना चहा करायला पाठव.

ट्रकवेडा_फ्रीमाँट
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. कॅम्पर घेतला, टायर नवे टाकले, भाव थोडा पाडून मिळाला. स्केलवर नेला. भरलेला ट्रेलर ३,३८०, टंग ४५५. दारावरचं स्टिकर १,४३०, आम्ही पाच जण ६९०, बेडमधलं सामान आणि बॉल माउंट (ट्रेलर अडकवायचा गोळा बसवायचा दांडा) धरून २६०. बेरीज १,४०५, म्हणजे बसतंय कसंबसं. पण हिचच्या लेबलवर टंगला ४०० च लिहिलंय. आता काय करू? आणि एक डोक्यात आलं, आईबाबांना ट्रेलरमध्येच बसवलं तर? पलंग आहे, आरामात झोपून येतील.

सॅक्रामेंटोचे_काका
अरे बाबा, नाही! चालत्या कॅम्परमध्ये माणसं बसवायला इथे बंदी आहे, फिफ्थ व्हीलची (पिकअपच्या बेडमध्ये जोडतात त्या मोठ्या ट्रेलरची) गोष्ट वेगळी. आणि आत सीटबेल्टही नसतो, विचार कर.

४५५ म्हणजे साडेतेरा टक्के, ट्रेलरच्या दृष्टीने छान, तुझ्या हिचसाठी जास्त. तुला ३४० ते ४०० च्या मधे यायचंय. दोनातला एक सिलिंडर घरी ठेव, पुढच्या कप्प्यातलं जड सामान उचलून चाकांच्या वर ठेव. अगदी मागे ढकलू नकोस, मागे वजन गेलं की शेपूट हलणार. पाण्याची टाकी रिकामी ने आणि तिकडे पोचून भर, योसेमिटीत हुकअप (ट्रेलरला थेट वीज-पाण्याची जोडणी) नाहीत पण पाणी मिळतं. रिकामी केल्यावर टंग परत मोज, कारण टाकी चाकांच्या मागे असेल तर टंग उलट वाढेल.

रेणू_सॅनहोजे
आणि बायकोची गाडी पण घ्या ना, आईबाबा त्यात बसतील, पेलोडमध्ये श्वास घ्यायला जागा होईल. हायवे १२० नेच जाणार असाल तर मॅप ओल्ड प्रीस्ट ग्रेडवर पाठवेल कारण अंतर कमी दिसतं, अजिबात ऐकू नका, फार उभा चढ आहे. न्यू प्रीस्ट ग्रेड वळणावळणाची आहे पण ट्रेलरला तीच. उतरताना आधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दाबा आणि सोडा. मी तर म्हणेन पहिल्या वेळी मर्सेडवरून हायवे १४० ने जा, चढ सौम्य आहेत.

पहाडी_मिसळ
माझ्या दारावरचं स्टिकर आत्ता जाऊन वाचलं. १,०६५ लिहिलंय. काका, तुमचं ते कॅट स्केल रविवारी उघडं असतं का?